वन्सं, काम अडलं नाही

वन्सं, तुमचं तेरावं झालं. गोडाचं जेवण झालं, माणसं आपापल्या गावी गेली, मोठी पातेली घासून पालथी घातली. तेव्हापासून मी फोनशेजारी बसून आहे. तसं दिसू देत नाही कुणाला. भाजी तिथंच निवडते, तांदळातले खडे तिथंच बसून काढते. शेजारची विचारते, "काकी, किसी का फोन आने वाला है क्या?" मी म्हणते, नाही गं, इथं उजेड बरा येतो.

वाट बघत होते कारखान्यातल्या तुमच्या सेक्शनच्या फोनची. मला वाटत होतं, लागलं तर विचारायला तुम्ही होतात, आता नाही; आज ना उद्या त्यांचं काम कुठंतरी रुतेल आणि कोणीतरी रडक्या आवाजात म्हणेल, "शालिनी मैडम के बिना नहीं हो रहा." मग मी तुमच्या फोटोकडे वळून म्हणणार होते, ऐका आता. सांगत नव्हते मी?

तुमच्यावाचून काम अडतं की नाही, ह्याच एका गोष्टीवरनं आपलं कारखान्याच्या टाउनशिपमधलं बरखेड्याचं क्वार्टर गेलं. तुम्हाला ते राखता आलं असतं. तुम्ही राखलं नाहीत. कशासाठी, ते मला तेव्हा पटलं नाही, आणि पटवायला आता तुम्ही नाही. मला बाकी काही नको होतं वन्सं. ते घर गेलं ते कामी आलं की उगाच गेलं, एवढंच समजून घ्यायचं होतं.

तुमचे दादा गेले तेव्हा तुम्ही कॉलेजात होतात आणि मी चौथी पास. काविळीनं माणूस बघता बघता संपला. टाउनशिपमध्ये कामावरचा माणूस गेला की क्वार्टर रिकामं करायचं असतं. मला रडायला सवड नव्हती. रोज ऑफिसच्या बाकावर जाऊन बसायची. साहेब येताना दिसले की उभी राहायची, आत गेले की बसायची. शेवटी दादांच्या जागी कँटीनमध्ये घेतलं मला, पोळ्या लाटायला. घर राहिलं. सकाळी पोळ्या आणि संध्याकाळी बस्तीतल्या बायकांचे ब्लाउज.

तुमचे मामा जळगावहून तुम्हाला न्यायला आले होते. "पोरीचं बघून टाकू कुठंतरी, तू एकटी कुठं सांभाळणार," असं मला म्हणाले. तुम्ही दारात उभ्या. म्हणालात, "मामा, सगळ्या कारखान्याच्या पोळ्या वहिनी एकटी लाटेल का? मी आहे इथंच." मामा एकटेच परत गेले. वन्सं, तुम्हाला जन्मात पोळी गोल लाटता आली नाही. पण ते वाक्य मी पोटाशी धरून कितीतरी वर्षं काढली, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही.

पुढं कारखान्यात कॉम्प्युटरचं खातं निघालं आणि तुम्ही आकडे भरायच्या कामावर लागलात. मग शिकत शिकत प्रोग्रॅम लिहायला लागलात. मला त्यातलं काय कळतंय. तरी एक दिवस मी शिवत बसले होते, तुम्ही पेरू खात होतात, आणि मी विचारलं, "दिवसभर तिथं नक्की करता काय? मला कळेल असं सांगा."

"वहिनी, कारखान्याची सगळी माहिती टेबलांत असते. टेबल म्हणजे रकाने आखलेला तक्ता. माणसांचा एक, क्वार्टरांचा एक, दवाखान्याच्या कार्डांचा एक. असे ढीगभर. आता पडद्यावर माणसाचं नाव दिसायचं, तर त्या तक्त्याशी बोलणारा प्रोग्रॅमचा एक तुकडा लिहावा लागतो. त्याला क्लास म्हणतात. जितके तक्ते तितके क्लास. सगळे सारखेच, रकान्यांची नावं फक्त वेगळी."

"आणि तुम्ही सारखं तेच ते लिहिता?"

"लिहायचो. आता एक मशीन आलंय. म्हणजे तोही प्रोग्रॅमच. तो तक्ता वाचतो आणि क्लास आपला आपण लिहून देतो. त्याच्याजवळ एक नमुना असतो, त्याला म्हणायचं टेम्प्लेट. नमुन्यात जागा सोडलेल्या असतात. इथं तक्त्याचं नाव, इथं रकान्याचं."

मी हातातला कागद वर धरला. ब्लाउजची पाठ कापायचा माझा कागद, टाचण्यांनी भोकं भोकं झालेला. "हे?"

"हेच! बरोब्बर हेच."

"मग तुम्हाला पगार कशाला देतात? कागद त्याचा, कापणार तो."

तुम्ही इतक्या हसलात की ठसका लागला. "कागद बाजारचा आहे ना वहिनी. बाजारचा कागद आपल्या बस्तीतल्या बायकांना बसतो का?"

बसत नाही. ते मला कुणी सांगायला नको.

तो बाजारचा नमुना किती बसत नाही, ते मग सगळ्या बस्तीनं बघितलं. मी तेव्हा कँटीनमधनं रिटायर झाले होते, क्वार्टर तुमच्या नावावर आलं होतं, आणि मी बीपीच्या गोळ्या न्यायला दवाखान्याच्या खिडकीवर गेले होते. खिडकीतल्या बाबूनं माझा कार्ड नंबर टाकला आणि थांबला.

"अम्मा, कार्ड नहीं चलेगा. आप तो गुज़र चुकी हैं."

"कब?"

त्यानं पडद्याजवळ तोंड नेलं. "पहली जनवरी. सन एक."

"सन एक क्या?"

"सन एक, अम्मा. बस एक. उसके पहले तो कुछ है ही नहीं."

माझ्या मागं आपल्या क्वार्टरांच्या लाइनीतले मिश्राजी उभे होते. "ज़रा हमारा भी देखो," म्हणाले. तेही त्याच तारखेला गेलेले. त्यांच्या मागचे वर्माजीही. अख्खी लाइन एकाच दिवशी वारलेली. मिश्राजींनी कपाळाला हात लावला. "हद है भई. हमारी तेरहवीं हो गई और हमें ही नहीं खिलाया!"

सगळे हसले. मीही हसले. एक म्हातारी सरदारीण होती, ती हसली नाही. नवऱ्याची साखरेची सुई न्यायला आली होती. ती खिडकीचा गज धरून म्हणत राहिली, "वो ज़िंदा हैं, बेटा. घर पे बैठे हैं. मैं उनको रोटी देकर आई हूँ."

घरी येऊन मी तुम्हाला हे सगळं हसत हसतच सांगायला घेतलं. सरदारणीशी आले आणि तुमचा चेहरा बघून थांबले.

झालं होतं ते एवढंच. तक्त्यात एक रकाना होता मृत्यूच्या तारखेचा. जिवंत माणसाचा तो रिकामा. पण बाजारच्या नमुन्यात रिकाम्या तारखेला जागाच नव्हती. रिकामं दिसलं की मशीन त्याला ठाऊक असलेली सगळ्यात पहिली तारीख तिथं घालायचं, आणि तारीख दिसली की पडदा म्हणायचा, हा गेला.

तुम्ही दुसऱ्या दिवशी लवकर गेलात आणि मशीननं लिहिलेल्या त्या क्लासात आपल्या हातानं दुरुस्ती केलीत. बस्ती जिवंत झाली. मिश्राजी मला बाजारात म्हणाले, "भाभी, पुनर्जन्म मुबारक हो."

मग दवाखान्याला कार्डावर रक्तगट पाहिजे झाला. म्हणजे तक्त्यात नवा रकाना. तक्ता बदलला म्हणून मशीन परत चालवायचं. चालवलं. त्यानं क्लास नव्यानं लिहून काढला, जुन्याच्या वरच. तुमची हातची दुरुस्ती पुसून गेली. बस्ती दुसऱ्यांदा मेली.

त्या दिवशी तुमच्या पुढ्यातला वरणभात गार होत चालला होता. मी विचारलं, "कुणी चालवलं मशीन?"

"मीच, वहिनी."

मी तुमचं ताट उचलून भात परत गरम करायला घेतला. तुम्हीच म्हणालात, "त्या बाई आल्या असतील का हो परत?"

"सुई तर लागतेच. आल्या असतील."

त्यानंतर तुम्ही त्या नमुन्याच्या मागं लागलात. जेवताना हवेत बोटं चालायची. भाजीत मीठ नाही हेसुद्धा कळायचं नाही. एक दिवस आलात ते चप्पल पायात तशीच स्वयंपाकघरात. एरवी मी ओरडले असते. "वहिनी, झालं. मशीनच्या लिहिण्याला हात लावायचाच नाही. बदल करायचा तो नमुन्यात. मी नमुन्यालाच शिकवलं, रिकामं असेल ते रिकामंच ठेव. आता तक्ते कितीही येऊ देत, कितीदा चालवू दे."

मी सुईत दोरा ओवत होते. म्हटलं, "आणि एखाद्याचं आगळंच असलं तर? जोशीकाकूंचा डावा खांदा उतरता आहे. त्यांच्या एकीसाठी मी माझा कागद बदलत नाही."

तुम्ही खालीच बसलात माझ्यासमोर. "त्याचंही केलंय. क्लासचे दोन भाग केले. एक मशीनचा, तो दर वेळी नवा लिहिला जाईल. दुसरा आपल्या हातचा, वेगळ्या फाइलीत. त्याला मशीन हात लावत नाही. चालताना दोन्ही जोडून एक होतात."

"म्हणजे पाठ मशीननं कापायची आणि बाही आपण."

"आणि पाठ कितीदा कापली तरी बाही तशीच."

मशीन लिहील त्या प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर तुम्ही एक ओळ घातलीत, नमुन्यातच, म्हणजे ती आपोआप सगळीकडे पडेल. 'इस फ़ाइल को हाथ से मत बदलिए, साँचा बदलिए.' मी म्हटलं, खाली नाव टाका की आपलं. तर म्हणालात, "लिहितंय मशीन, मी कशाला नाव टाकू?" ह्यावरनं आपली किती वेळा जुंपली. मी अजून म्हणते, टाकायला पाहिजे होतं.

आता घराचं.

तुमच्याच खात्यात सक्सेना साहेब होते. त्यांच्याकडे बिलांचं काम. ते कसं चालतं हे त्यांच्या डोक्याबाहेर कुठंच नव्हतं. कोणी विचारलं की म्हणायचे, "अरे, तुम छोड़ो, मैं देख लूँगा." ते रिटायर झाले आणि चार दिवसांत काम बंद. त्यांना परत बोलावलं. मुदत वाढली, मग आणखी वाढली. क्वार्टर तसंच राहिलं, वर न्यायला गाडी यायला लागली. मी हे सगळं खिडकीतनं बघत होते.

आणि तुम्ही! रिटायर व्हायच्या आधीपासून सेक्शनमध्ये नव्यानं लागलेल्या त्या फ़रहाला रविवारी घरी बोलवायला लागलात. पोरगी करोंदहून बस बदलत यायची. आपल्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून तुम्ही तिला तो नमुना ओळीनओळ शिकवायचात. मी चहा आणायची आणि कप जरा जोरात ठेवायची. एकदा ती गेल्यावर मी बोललेच.

"सगळं सांगून टाकू नका. थोडं आपल्या हातात राहू द्या."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? सक्सेना बघा. तुम्हाला पण बोलावतील. घर राहील."

"वहिनी, मी नसताना जे बंद पडतं, ते मी केलं तरी काय?"

"तुम्हाला बोलायला काय जातं. ह्या घरासाठी मी..."

तुम्ही लॅपटॉपचं झाकण मिटलंत. हळू आवाजात म्हणालात, "मला ठाऊक आहे तुम्ही हे घर कसं राखलंत. मी बघितलंय तुम्हाला त्या बाकावर. पण मी माझ्या घरासाठी दवाखान्याच्या खिडकीवरच्या त्या बाईंना टांगून ठेवू का? मी तापानं पडले, मी मेले, म्हणून त्यांना सुई मिळायची नाही?"

"तिला काय ठाऊक तुम्ही कोण ते."

"नाहीच ठाऊक. तसंच पाहिजे."

मग बरेच दिवस आपण कामापुरतं बोलत होतो. मीठ द्या, दार लावा, एवढंच. तुम्ही ठरल्या दिवशी रिटायर झालात. हार घातला, समोसे खाल्ले, एक बॅग दिली तिची चेन पहिल्याच दिवशी अडकली. कोणी परत बोलावलं नाही. सामान टेंपोत भरून आपण अवधपुरीच्या ह्या दोन खोल्यांत आलो. टेंपो निघाला तेव्हा तुम्ही मागं वळून बघत होतात. मी बघितलं नाही. मी राग धरून बसले होते, आणि राग धरला की रडायला येत नाही, हे मला जुनं ठाऊक आहे.

इथं आल्यावर मात्र आपले दिवस बरे गेले, वन्सं. आयुष्यात पहिल्यांदा दोघींना कामाची पाळी गाठायची नव्हती. सकाळी चहा तुम्ही करायचात, पांचट, आणि मी तो निमूट प्यायची. दुपारी गच्चीत बसून कुरड्या राखायचो आणि तुम्ही कावळ्यांशी भांडायचात. मी तुम्हाला पोळी शिकवायचं परत एकदा करून बघितलं. जाऊ दे. एवढं मोठं मशीन वळवलंत, पोळी काही वळली नाही.

आणि मग त्या सकाळी छातीवर हात ठेवून बसलात. रिक्षात तुम्ही मला म्हणालात, "वहिनी, दूध आत ठेवलंत का?" मी म्हटलं, ठेवलं. ठेवलं नव्हतं. दवाखान्यात तुम्हाला आत नेलं आणि मी बाहेर राहिले. इतकंच. घराचं आपलं बोलणं राहिलं ते राहिलंच.

तर मी फोनची वाट बघितली. आला नाही. मग मला राग यायला लागला. इतकी वर्षं दिली बाईनं, आणि एका माणसाला तिची उणीव भासू नये? एकदा तरी अडायला नको? काल उठले आणि तुमचं दवाखान्याचं कार्ड जमा करायला गेले. कार्ड हे निमित्त. जमा केलं आणि तशीच तुमच्या सेक्शनला गेले. गेटवर म्हटलं, फ़रहाला बोलवा.

ती धावत आली. मला धरून आत नेलं, तुमच्या खोलीत. खुर्ची पुढं केली. "आंटी जी, बैठिए."

मी बसले नाही. "तुम लोगों ने एक फोन नहीं किया."

"आंटी, मैं तो तेरहवीं में आई थी..."

"वो नहीं. काम का फोन."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिचे डोळे भरले. "हम तो करना चाहते थे, आंटी. क़सम से. बहाना ढूँढते रहे कि घर पे फोन लगाएँ, मैडम की कोई बात पूछें. काम ही नहीं अटका."

मी तिनं पुढं केलेल्या खुर्चीची पाठ धरून उभीच राहिले.

तिनंच सांगितलं मग. तुम्ही गेलात त्याच सुमारास सगळे जुने तक्ते उचलून नव्या जागी न्यायचे होते. नवं डेटाबेस की काय ते. निम्मे तक्ते मोडून वेगळे केले, नावं बदलली, रकाने बदलले. सगळं खातं घाबरलेलं. सक्सेना साहेबांचं ते बिलाचं काम अजून तिथंच अडकून पडलंय म्हणे, दुसऱ्या शहरातनं माणसं आलीयेत त्याला. आणि तुमचं? फ़रहानं नमुन्यात एका ठिकाणी बदल केला आणि मशीन चालवलं. सगळे क्लास नव्यानं पडले. दवाखान्याची खिडकी एक दिवससुद्धा बंद राहिली नाही.

"एक चीज़ मैंने अपनी भी की है," ती जरा भीत भीत म्हणाली. "पहले खिड़की पे सबका मोबाइल नंबर पूरा दिखता था, पीछे खड़ा आदमी भी पढ़ ले. मैंने साँचे में लिख दिया कि नंबर छुपाकर दिखाओ. हर स्क्रीन पे छुप गया. मैडम नाराज़ तो नहीं होतीं न?"

वन्सं, तुम्हाला हे सुचलं नव्हतं. मी तिला तसं म्हटलं नाही, पण तुम्हाला सांगते. आणि तुम्ही नाराज झाला नसता. तुम्ही चप्पल घालून स्वयंपाकघरात आला असतात.

मी म्हटलं, "चला के दिखा. मेरे सामने."

"अभी?"

"अभी."

तिनं चालवलं. पडद्यावर ओळी धावायला लागल्या, वरनं खाली, खंड नाही. कँटीनमध्ये सणाच्या दिवशी मोठ्या तव्यावरनं पोळ्या उतरायच्या तशा. मग थांबल्या.

"और हाथ वाला हिस्सा?"

तिनं एक फाइल उघडली. "ये मैडम के हाथ का है. जैसा था, वैसा."

मला अक्षर काय वाचता येणार त्यातलं. तरी मी बराच वेळ बघितलं. मग म्हटलं, "फिर से चला."

फ़रहा रडता रडता हसायला लागली. "आंटी, मैडम भी यही करवाती थीं. बोलती थीं, एक बार में क्या पता चलता है."

तिनं पुन्हा चालवलं. परत सगळं नव्यानं लिहिलं गेलं, आणि तुमच्या हातचं होतं ते जागचं हललं नाही.

"ठीक है," मी म्हटलं. "अब चाय मँगा."

मग खुर्ची ओढून बसले. वन्सं, घर कामी आलं.